दवाखाना आईच्या दारापर्यंत
माता-बाल केंद्रांच्या इतिहासातून आपल्या कामासाठी काही धडे



गेल्या पावसाळ्यापासून आपल्या काही हितचिंतकांचा एक प्रश्न मला वारंवार येतो आहे. अकलूज परिसरातील पारधी पालांवर आणि ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर आपले काम चालते, तर बाळंतिणी आणि तान्ह्या बाळांसाठी एक छोटा दवाखाना का काढू नये? एका मंडळीने रस्त्याकडेची खोली देऊ केली आहे. एका कुटुंबाने वजनकाटा आणि तपासणीचा पलंग देण्याची तयारी दाखवली आहे. या देणग्यांमागची माया मोठी आहे. पण खोलीचे कुलूप उघडण्याआधी असा दवाखाना बाळांना नेमका कसा वाचवतो, आणि कुठे कमी पडतो, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे. म्हणून या अंकात अभ्यासासाठी हाच विषय घेतला आहे. भगिनी मंडळांनी आणि तरुण संघांनी लेख एकत्र वाचावा; शेवटी चर्चेसाठी प्रश्न दिले आहेत.

१. चर्चच्या हॉलमधला वजनकाटा

माता-बाल केंद्र ही कल्पना आज जुनी वाटते, पण ती सव्वाशे वर्षांपूर्वी फारशी कुणाच्या मनात नव्हती. इंग्लंडसारख्या श्रीमंत देशातही सन १९०० च्या सुमारास हजार जिवंत जन्मांमागे सुमारे १५४ बाळे पहिल्या वाढदिवसाआधी दगावत. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धासाठी सैन्यभरती झाली, तेव्हा शहरांतील गरीब वस्त्यांमधले कितीतरी तरुण अंगाने इतके अशक्त निघाले की त्यांना परत पाठवावे लागले. तेव्हा कुठे सरकारचे लक्ष पाळण्याकडे गेले.

मग एकामागून एक पावले पडली. १९०२ मध्ये सुइणींच्या नोंदणीचा आणि प्रशिक्षणाचा कायदा आला. १९०७ मध्ये लंडनच्या सेंट पँक्रस भागात मातांची शाळा सुरू झाली. त्याच वर्षी आलेल्या कायद्याप्रमाणे बाळ जन्मल्यावर ३६ तासांच्या आत आरोग्य अधिकाऱ्याला कळवायचे होते. सुरुवातीला हे त्या त्या नगरपालिकेच्या मर्जीवर होते. १९१५ मध्ये ते सर्वत्र सक्तीचे झाले. १९१८ च्या माता-बाल कल्याण कायद्याने स्थानिक संस्थांना केंद्रे उघडण्याचा, घरभेटीसाठी बाया नेमण्याचा, आईला व बाळाला दूध पुरवण्याचा अधिकार दिला. या कामाच्या समितीत निदान दोन स्त्रिया असल्याच पाहिजेत, असेही त्या कायद्यात होते.

पहिल्या महायुद्धानंतरच्या वीस वर्षांत अशी केंद्रे गावोगावी झाली. पुष्कळ ठिकाणी त्यांना स्वतःची इमारत नव्हती. आठवड्यातून एक दुपार चर्चचा हॉल किंवा शब्बाथशाळेची खोली मिळे. बाकड्यांवर आया बाळांना घेऊन बसत. एक नर्स बाळाचे वजन करून कार्डावर लिही, डॉक्टर पाहून सल्ला देत, मंडळीतल्या स्वयंसेविका चहा देत आणि स्वस्तात दुधाची पावडर विकत. औषधोपचार तिथे बहुधा होत नसे. आजारी बाळाला दुसरीकडे पाठवत. केंद्राचे काम सल्ला देण्याचे आणि लक्ष ठेवण्याचे.

याचा परिणाम झाला का? १९३९ पर्यंत इंग्लंड व वेल्समधले बालमृत्यू हजारी सुमारे ५१ वर आले. म्हणजे तिप्पट घट. पण हे सगळे श्रेय वजनकाट्याला देता येत नाही. त्याच काळात गटारे झाली, स्वच्छ दूध मिळू लागले, घरात मुलांची संख्या कमी झाली, मजुरी सुधारली. केंद्राचे खरे बळ होते ते त्या ३६ तासांच्या नोंदीत. कोणत्या घरात बाळ जन्मले हे कळत असल्यामुळे आरोग्यसेविका स्वतः त्या घरी जात असे. जी आई केंद्रावर येत नाही तिच्यापर्यंतही कोणीतरी पोहोचत होते.

आता दुसरी बाजू पाहा. बाळांचे मृत्यू असे घटत असताना आयांचे मृत्यू मात्र घटत नव्हते. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत दर हजार बाळंतपणांमागे चारच्या आसपास माता मरत राहिल्या. कारण त्या मरत होत्या बाळंतपणातच: बाळंतज्वराने, रक्तस्रावाने, झटक्यांनी. आठवड्यातून एका दुपारी उघडणाऱ्या हॉलचा त्या रात्रीशी काही संबंध नव्हता. १९३५-३६ नंतर बाळंतज्वरावर सल्फा औषधे आली, १९३६ च्या कायद्याने पगारी, प्रशिक्षित सुइणी नेमण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर आली, आणि मग आकडा झपाट्याने खाली आला.

यातला पहिला धडा असा: जे केंद्र बाळाचे वजन करते ते बाळंतपणाची रात्र सांभाळतेच असे नाही. ती दोन वेगळी कामे आहेत आणि दोन्हींची वेगळी सोय करावी लागते.

आणखी एक गोष्ट सांगतो. १९१५ मध्ये तिथल्या महिला सहकारी गिल्ड या कष्टकरी स्त्रियांच्या संघटनेने १६० स्त्रियांची पत्रे पुस्तकरूपाने छापली. आपल्या बाळंतपणांविषयी त्या बायांनी स्वतःच लिहिले होते. शेवटच्या दिवसापर्यंत कष्ट, अर्धपोटी दिवस, पडलेले गर्भ, लपवलेली दुखणी. आया अडाणी आहेत, त्यांना शिकवले की झाले, असे म्हणणाऱ्यांना ते उत्तर होते. याच संघटनेच्या आग्रहामुळे विम्यातून मिळणारी बाळंतपणाची रक्कम १९१३ पासून नवऱ्याची न राहता कायद्याने बायकोची झाली. पैसा कोणाच्या हाती पडतो, यावर ताटात काय पडते हे ठरते. आपल्या पालांवर ही गोष्ट कोणाला वेगळी समजावून सांगायला नको.

२. गिरणीतली आई आणि अफूची गोळी

याच काळात आपल्या मुंबईत काय होते? १९२१ साली मुंबई शहरातील बालमृत्यूचा नोंदलेला आकडा हजारी ६६६ होता. हा आकडा वाचून अंगावर काटा येतो, पण तो जसाच्या तसा घेऊ नये. कितीतरी गिरणी कामगार बाया बाळंतपणाला कोकणात किंवा घाटावर गावी जात. बाळाचा जन्म गावी होई, आणि आई कामावर परतल्यावर बाळ मुंबईत दगावले तर मृत्यू मुंबईत नोंदला जाई. शहरातले कितीतरी जन्मही नोंदवले जात नसत. जन्म कमी आणि मृत्यू पूर्ण, असा तो हिशेब होता. तरीही चाळींतल्या एका खोलीच्या संसारात बाळे मोठ्या संख्येने मरत होती, यात शंका नाही.

१९२० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई सरकारच्या कामगार खात्याने डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरांना गिरणी कामगार स्त्रियांची पाहणी करायला नेमले. कामगार स्त्रियांच्या शंभर बाळांपैकी अठ्ठ्याण्णवांना अफू दिली जाते, असे त्यांनी नोंदवले. का? आई दिवसभर गिरणीत. बाळाला सांभाळायला म्हातारी किंवा लहान बहीण. बाळ भुकेने रडते, पाजायला आई नाही. अफूची गोळी दिली की ते निजते.

अशा आईला एखाद्या केंद्रात बोलावून “बाळाला अफू देऊ नये” असे सांगून काय उपयोग? तिला ते ठाऊक नव्हते असे थोडेच आहे. तिला हवी होती विश्रांती, त्या दिवसांची मजुरी, आणि बाळ ठेवायला सुरक्षित जागा. म्हणून ज्यांना हा प्रश्न कळला ते कायद्याकडे वळले. कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूती भत्त्याचे विधेयक मांडले, ते संमत झाले नाही. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात असेच विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला जोरदार पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे साऱ्या देशाच्या हिताचे आहे, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला. आपल्या देशातल्या अशा कायद्यांत तो पहिल्यांपैकी एक.

त्याच वर्षांत संस्थाही उभ्या राहत होत्या. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने १९०९ पासून बायांना, त्यांत कितीतरी विधवांना, शिकवून परिचारिकेच्या कामाकडे वळवले. गिरणगावात परळला १९२६ मध्ये नौरोजी वाडिया प्रसूतिगृह सुरू झाले. म्हणजे सल्ला, प्रशिक्षित हात, खाट आणि मजुरी, या चारही गोष्टींची गरज तेव्हाच कळलेली होती.

दुसरा धडा असा: आईच्या हातात वेळ आणि पैसा नसेल तर उपदेश तिच्या पाठीवरचे आणखी एक ओझे होतो.

३. जामखेड: कोण जाणार?

आता आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात येऊ. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती डॉक्टर दांपत्य वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले. वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काही वर्षे काम केल्यावर त्यांना एक गोष्ट सलू लागली. रोगी बरा होऊन जातो आणि त्याच पाण्याने, त्याच उपासमारीने पुन्हा आजारी पडून परत येतो. पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून ते परतले आणि १९७० मध्ये दुष्काळी जामखेडला त्यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला.

सुरुवातीला त्यांनी प्रशिक्षित परिचारिकांना गावांत ठेवून पाहिले. ते नीट जमले नाही. परिचारिका बाहेरची, शिकलेली, एकटी. गावातली बाई तिच्याशी मोकळी होईना आणि तिलाही गावात करमेना. मग गावाने निवडलेली गावातलीच बाई घ्यायचे ठरले. त्यांतल्या कितीतरी बायांना लिहिता-वाचता येत नव्हते. अनेक जणी दलित वस्तीतल्या होत्या, ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरू दिले जात नसे. त्या जामखेडला येऊन शिकत, गावी जाऊन शिकलेले करत, आणि पुन्हा येऊन काय जमले व काय फसले ते एकमेकींना सांगत. गरोदर बाई तपासणे, बाळंतपणात हात व नाळ कापायचे पाते स्वच्छ ठेवणे, बाळाला लगेच अंगावर पाजणे, जुलाबात मीठ-साखरेचे पाणी देणे, अडलेले बाळंतपण वेळीच ओळखून रुग्णालयात पाठवणे, ही त्यांची कामे.

जामखेडच्या प्रकल्पातील गावांत १९७१ साली बालमृत्यू हजारी १७६ होते. १९९० च्या दशकात ते पंचविसाच्या आसपास आले. पण इथेही केवळ दवाखान्याने हे झाले नाही. कूपनलिका झाल्या, शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे झाली, ज्वारी-कडधान्याचा आहार मुलांना मिळू लागला, जातीच्या भिंतींना भगदाडे पडली. एका पात्रातले पाणी सगळ्यांनी पिणे हासुद्धा तिथे आरोग्याचाच भाग मानला गेला. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती ही की ज्या बाईला कोणी उंबऱ्याच्या आत घेत नव्हते, तिलाच बाळंतपणाच्या रात्री लोक बोलवायला येऊ लागले.

तिसरा धडा: घरी जाणारे पाऊल आईच्या ओळखीचे असावे लागते.

४. गडचिरोली: गेल्यावर काय करणार?

ओळखीची बाई घरी गेली, गोड बोलली आणि परत आली, एवढ्याने बाळ वाचत नाही. तिच्या हातात काहीतरी असावे लागते. हे दाखवून दिले गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने.

पहिल्या वर्षात दगावणाऱ्या बाळांपैकी मोठा वाटा पहिल्या २८ दिवसांतला असतो. हे दिवस बाळ घरातच असते, बाहेर काढायची रीत नसते, आणि रुग्णालय दूर असते. म्हणून ‘सर्च’ने गावातल्याच थोड्या शिकलेल्या बाया निवडल्या आणि त्यांना घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. जन्मताच न रडणाऱ्या बाळाला श्वास देणे, वजन करणे, कमी वजनाचे बाळ ऊबदार ठेवणे, पाजण्यात अडचण असेल तर आईला मदत करणे, श्वास मोजणे, आणि जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून ठरलेल्या मात्रेत औषध व इंजेक्शन देणे. हे डॉक्टरांचेच काम, असे तोवर मानले जाई.

हा प्रयोग ३९ गावांत झाला आणि तुलनेसाठी ४७ गावे घेतली गेली. १९९३ ते ९५ या काळात नवजात बाळांचे मृत्यू हजारी ६२ होते. १९९७-९८ मध्ये ते २५.५ वर आले. १९९९ साली हा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला. पुढे २०११ पासून देशभरातल्या आशाताईंना अशाच घरभेटींचे काम देण्यात आले. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी सहा भेटी: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी जन्मलेल्या बाळासाठी पहिल्या दिवसाची एक भेट जास्त.

चौथा धडा: माया हवीच, पण मायेच्या हातात घड्याळ, तापमापक आणि वजनकाटाही हवा.

५. आपल्या भागातली आई कोणत्या यादीत आहे?

एवढे सगळे सरकारने घेतले आहे, आशाताई आहेत, अंगणवाडी आहे, लसीकरणाचा दिवस आहे, मग आपले काम काय उरले? माझ्या रोजच्या फिरतीत मला जे दिसते ते सांगतो.

दिवाळीच्या सुमारास गाळप हंगाम सुरू झाला की माळशिरस तालुक्यात कारखान्यांच्या आसपास पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली, ती फेडायची म्हणून गरोदर बाईही पहाटे फडात जाते, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरते. बाळ फडाच्या कडेला साडीच्या झोळीत. शंभर वर्षांपूर्वीच्या गिरणीतली बाई आणि आजच्या फडातली बाई यांत मला फार अंतर दिसत नाही. उलट गिरणीतल्या बाईला १९२९ मध्ये कायद्याचा भत्ता तरी मिळाला.

गेल्या हंगामात एका कोपीत मी अडीच महिन्यांचे बाळ पाहिले. आईने माता-बाल कार्ड पिशवीत प्लास्टिकमध्ये जपून ठेवले होते. जन्माच्या वेळच्या लसी टोचलेल्या. दीड महिन्याची लस मात्र राहिलेली, कारण त्या आठवड्यात टोळी निघाली. तिच्या गावच्या आशाताईच्या वहीत ती ‘स्थलांतरित’ होती. इथल्या वहीत ती नव्हतीच. मी जवळच्या उपकेंद्रातल्या ताईंना फोन केला. त्या पुढच्या लसीकरणाच्या दिवशी वाट वाकडी करून कोप्यांवर आल्या आणि त्या एका बाळासोबत आणखी काही बाळांना लस देऊन गेल्या. त्यांचे मन मोठे होते, लस होती, कार्डही होते. नव्हती ती फक्त यादी.

इंग्लंडमध्ये ३६ तासांची नोंद का महत्त्वाची होती, ते इथे कळते. ज्या आईचे नाव कोणाच्याही वहीत नाही, तिच्याकडे जाणारा रस्ताच सुरू होत नाही.

पारधी पालांवर मात्र नोंद हा शब्द वेगळाच लागतो, आणि हे आपण सहानुभूतीने समजून घेतले पाहिजे. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. पुढे मुंबई इलाख्यात त्या कायद्याखाली पारध्यांसारख्या जमातींची नावे पोलिसांच्या वहीत चढली, हजेरी लागू झाली. सोलापुरातच तारेच्या कुंपणाआड अशी मोठी वसाहत होती. देशात काही ठिकाणी अशा वसाहती चालवण्यात मिशन संस्थांचाही हात होता, हे आपण विसरू नये. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. पण आजही वही-पेन घेऊन कोणी पालासमोर उभे राहिले की म्हाताऱ्या बायांच्या कपाळाला आठी पडते. “नाव कशाला लिवता?” हा प्रश्न मला पहिल्या भेटीत जवळजवळ प्रत्येक पालावर विचारला गेला आहे. त्यामागे अडाणीपणा नाही. आजी-आजोबांपासून चालत आलेला अनुभव आहे.

एका पालावर एक तरुण बाई सातव्या महिन्यापर्यंत तपासायला गेली नव्हती. रक्त कमी होते, हे तिच्या पांढऱ्या पडलेल्या नखांवरूनच दिसत होते. दवाखान्यात कागद मागतात, कुठली म्हणून विचारतात, मग बाजूला बसवतात, असे तिचे म्हणणे. माझ्या सांगण्याने ती हलली नाही. हलली ती तिच्याच पालावरच्या एका मावशीमुळे. मावशी तीन मुलांची आई, शाळा न पाहिलेली, पण सासवडपासून पंढरपूरपर्यंत फिरलेली आणि कोणाला न घाबरणारी. ती म्हणाली, “चल, मी बसते तुझ्याजवळ. बघू कोण उठवतं.” दोघी गेल्या, तपासणी झाली, गोळ्या सुरू झाल्या. बाळंतपणही रुग्णालयात झाले आणि मावशी रात्रभर पायथ्याशी होती. आरोळे दांपत्याने पन्नास वर्षांपूर्वी जे ओळखले, ते त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर घडले.

६. मग त्या खोलीचे काय करायचे?

आपल्या हितचिंतकांना माझे नम्र सांगणे असे. खोली घेऊ, पण तिला दवाखाना म्हणू नये. आजूबाजूला उपकेंद्रे आहेत, रुग्णालये आहेत. आपण आणखी एक पाटी लावली तर ज्यांना येता येते त्याच बाया येतील, आणि आपण कार्यवृत्तात आकडे छापून समाधान मानू. आपल्याला शोध घ्यायचा आहे तो न येणारीचा.

म्हणून देऊ केलेल्या मदतीचा उपयोग पुढीलप्रमाणे करावा, असे मी समितीपुढे मांडले आहे.

पहिले, पालांवरच्या दोन आणि कोप्यांवरच्या दोन बाया निवडायच्या. निवड त्यांच्या लोकांनी करायची, आपण नव्हे. त्यांना महिन्याचे मानधन द्यायचे. सेवा म्हणून फुकट राबवून घ्यायचे नाही, कारण त्यांचा दिवस बुडाला तर घरची चूल बुडते.

दुसरे, हंगामाच्या पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक कोपीवर जाऊन गरोदर बाया आणि दोन वर्षांखालील बाळे यांची यादी करायची आणि ती त्याच आठवड्यात आशाताई, अंगणवाडीताई व उपकेंद्र यांच्याकडे पोहोचवायची. यादी कशासाठी आहे हे आधी सांगायचे, आणि नाव द्यायला नको म्हणणाऱ्या बाईवर जबरदस्ती करायची नाही. टोळी परत निघताना कार्डावर शेवटची नोंद करून आईच्या हाती द्यायचे.

तिसरे, इंजेक्शन आणि औषध हे आपले काम नाही. ते प्रशिक्षित सरकारी कर्मचाऱ्यांचेच. आपल्या बायांनी धोक्याची लक्षणे ओळखायची: बाळ पीत नाही, थंड पडले, छाती आत ओढली जाते, आईला फार रक्त जाते, ताप येतो, डोके दुखून डोळ्यांसमोर अंधारी येते. अशा वेळी १०८ ला फोन करायचा आणि सोबत जायचे. शेवटचे दोन शब्द विसरू नयेत: सोबत जायचे.

चौथे, खोली रात्रीसाठी वापरायची. बाळंतपण जवळ आलेल्या बाईला व तिच्या सोबतिणीला शेवटचे काही दिवस रुग्णालयाजवळ राहता येईल, आणि पहिल्या कळेला फडातून गाडी शोधत बसावे लागणार नाही. दिवसा तिथे फडावर गेलेल्या आयांच्या बाळांसाठी पाळणाघर चालवता येईल. वजनकाटा तर हवाच. पण तो झोळीचा, खांद्यावर नेता येईल असा.

यात भव्य असे काही नाही. उद्घाटनाची फीत कापता येईल असे तर नाहीच. निर्गम पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातील दोन सुइणींची गोष्ट आपण सर्वांनी शब्बाथशाळेत ऐकली आहे. त्या काळात राजाने हुकूम दिला तो मुलग्यांना मारण्यासाठी. त्या दोघींनी बाळांवर लक्ष ठेवले ते जगवण्यासाठी. त्यांच्याकडे इमारत नव्हती. त्या आयांच्या घरी जात होत्या.

येत्या दिवाळीला कोप्या पुन्हा उभ्या राहतील. तोवर बाया निवडून त्यांची पहिली शिकवणी झालेली असावी, एवढीच घाई आहे. ज्यांनी खोली आणि पलंग देऊ केला त्यांना मी प्रत्यक्ष भेटून हे सांगितले आहे. त्यांनी काही दिवसांची मुदत मागितली आहे. त्यांचा होकार आला तर उत्तम. नाही आला तरी यादीचे काम थांबवायचे नाही, कारण त्याला एक वही, चार बाया आणि आठवड्यातले दोन दिवस पुरेसे आहेत.

गटात चर्चेसाठी प्रश्न

१. इंग्लंडमध्ये बाळांचे मृत्यू घटले तरी मातांचे मृत्यू बराच काळ का घटले नाहीत? आपल्या गावात बाळंतपणाच्या रात्रीची सोय काय आहे?

२. बाळाला अफू देणाऱ्या आईला दोष देणे सोपे का वाटते? आपल्या ओळखीतल्या कोणत्या आईला आपण असाच दोष देतो?

३. आपल्या मंडळीच्या दोन किलोमीटर परिसरात यंदा किती कोप्या किंवा पाले आहेत? त्यांतल्या एका तरी बाळाचे नाव तुम्हाला माहीत आहे का?

४. जामखेडला गावाने स्वतः बाई निवडली. आपण मदत करतो तेव्हा निवड कोण करते?

५. तुमच्या मंडळीचा हॉल आठवड्यातून किती तास बंद असतो? तो कोणासाठी उघडता येईल?